रहस्य (झाडीपट्टी नाटकातील)

पूर्व विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमीवर कथानकातील गुपित रचणे, राखणे व फोडणे यांची रूढ पद्धत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे आणि नागपूर जिल्ह्याचा पूर्वेकडील भाग मिळून झाडीपट्टी होते. धान कापणी आटोपल्यावर, दिवाळीपासून पुढे होळीपर्यंत, गावोगावी मंडई (गावजत्रा) व शंकरपट (बैलांच्या शर्यती) भरतात आणि त्या रात्री नाटक होते. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज) हे या व्यवसायाचे मुख्य ठाणे. झाडीपट्टीतील नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली.

झाडीपट्टी नाटकात गुपित प्रेक्षकांपासून लपवलेले नसते. ते पात्रांपासून लपवलेले असते. सावकाराच्या घरी वाढलेला पोरगा खरा कोणाचा, हे पहिल्या अंकातच मंडपातील सगळ्यांना ठाऊक होते. ठाऊक नसते ते फक्त त्या पोराला आणि त्याच्यावर हात उगारणाऱ्या बापाला. शेवटी खुनी कोण ते कळेल, अशा बेताची छापील रहस्यकथा येथे जशीच्या तशी उतरवली तर सहसा पडते. कारण अगदी व्यवहारी आहे. नाटक रात्री दहाच्या आसपास सुरू होऊन पहाटे चार-पाचपर्यंत चालते. एवढ्या वेळात माणसे चहाला उठतात, लेकरे झोपवतात, स्वतःही डुलक्या घेतात, पाहुण्यांशी सोयरिकीचे बोलणे काढतात. बारीक धागेदोरे जपून ठेवायला सांगणारे कथानक अशा बैठकीत टिकत नाही. एकदा कळलेले गुपित मात्र झोपेतून उठल्यावरही आठवते.

प्रेक्षकाला या पद्धतीची सवय पुराणकथांतून आहे. कर्ण कुंतीचा मुलगा, हे ऐकणाऱ्याला आधीच माहीत असते आणि म्हणूनच अर्जुनाचा बाण सुटताना जीव वरखाली होतो. पांडवांचा अज्ञातवास हेही असेच गुपित. भीमाने कीचकाला मारून दरीत टाकले ती जागा चिखलदऱ्याची, असे विदर्भात सांगतात. सैरंध्री कोण हे कीचकाला कळत नाही आणि आपल्याला कळते, यातच त्या कथेची सारी गंमत आहे. कृ. प्र. खाडिलकरांनी 1907 साली हीच कथा रंगभूमीवर आणली तेव्हा कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे आणखी एक गुपित प्रेक्षक आपसात वाटून घेत होते. सरकारच्या ते ध्यानात आले आणि 1910 मध्ये नाटकावर बंदी आली.

चित्रपट दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक हाच भेद टेबलाखालच्या बॉम्बने समजावत असे. बॉम्ब एकदम फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. आधी दाखवून ठेवला आणि वर माणसे गप्पा मारत बसली, तर पंधरा मिनिटे त्याचा श्वास अडकून राहतो. झाडीपट्टीला पंधरा मिनिटे नव्हे, चार-पाच तास भरून काढायचे असतात.

*रचना.* नाटक बहुधा तीन अंकी. मुख्य गुपित पहिला अंक संपण्यापूर्वी रोवावे लागते, आणि तेही उद्घाटनाच्या भाषणांनंतर मंडप स्थिरावल्यावर. अगदी पहिल्या प्रवेशात रोवले तर उशिरा आलेल्यांच्या हाती लागत नाही. एक मोठे गुपित आणि त्याला लागून एखादे लहान (पत्र दडवलेले, कर्जाचा कागद बदललेला), एवढे पुरते. तिसरे घातले की विनोदी पात्राच्या प्रवेशांना आणि मध्ये येणाऱ्या लावणी-नाचांना जागा उरत नाही, आणि ते कापले तर गाव ऐकून घेत नाही.

प्रत्येक अंकाच्या सुरुवातीला गुपिताची उजळणी हवी. हे काम जाणते लेखक विनोदी नटाकडे देतात. मुख्य पात्रे प्रमाण मराठीत बोलतात, हा गडी झाडीबोलीत बोलतो. त्याने थट्टेच्या ओघात “मले मालूम हाय, पर मी काई सांगनार नाई” म्हटले की झोपलेल्यालाही मागचा धागा मिळतो. लेखकाने मात्र त्याची हद्द लिहून द्यावी लागते. हा नट हमखास पदरचे बोलतो, आणि टाळ्यांच्या भरात गुपित ज्याच्यापासून राखायचे त्याच पात्रासमोर बोलून बसतो. मग पुढचा सगळा अंक त्या पात्राने बहिरे असल्यासारखे वागायचे.

ओळख पटवणारी खूण ही दुसरी अडचण. अंगठी, ताईत, अंगावरचा तीळ या वस्तू पुस्तकात किंवा पडद्यावर चालतात. मंडपात मागे जमिनीवर बसलेल्याला त्या दिसतच नाहीत. म्हणून खूण मोठी आणि रंगाने उठून दिसणारी असावी: फाटलेली लाल शाल, चौकटीतला फोटो, मुठीची काठी. लॉकेटच वापरायचे असेल तर पात्राने ते हातात धरून तोंडाने त्याचे नाव घ्यावे, आणि पहिल्या व तिसऱ्या अंकात तेच शब्द वापरावेत. पहिल्या अंकात “चांदीचा ताईत” आणि तिसऱ्यात “ही निशाणी” म्हटले तर निम्म्या लोकांच्या डोक्यात दोन्हींचा मेळ बसत नाही. वस्तू दोन तरी ठेवाव्यात. एक सामानाच्या पेटीत मागच्या गावीच राहते, असा अनुभव बहुतेक कंपन्यांना आहे.

चोरून ऐकण्याचा प्रवेश तर ठरलेलाच. ऐकणारा विंगेत पूर्ण लपला तर प्रवेश फुकट जातो. त्याचा खांदा किंवा चेहरा लोकांना दिसत राहिला पाहिजे आणि रंगमंचावरील दोघांना तेवढा दिसता कामा नये. त्याचे स्वगत पुढच्या माइकजवळ येऊनच व्हावे लागते, नाहीतर ते वाद्यांत बुडते.

*प्रॉम्प्टर.* वेगवेगळ्या गावचे कलावंत अनेकदा प्रयोगाच्या दिवशीच एकत्र येतात, तालमी थोड्या होतात आणि संहिता प्रॉम्प्टरच्या, म्हणजे आडून नटांना संवाद सांगणाऱ्याच्या, आधारावर चालते. त्यामुळे गुपिताचा खरा राखणदार तोच. रंगभूषा चालू असताना त्याने प्रत्येकाला एकच गोष्ट सांगावी: तुझ्या पात्राला हे कधी कळते. हे न सांगितल्यास बदली नट दुसऱ्या अंकातच सगळे माहीत असल्यासारखा चेहरा करतो. प्रॉम्प्टर माइकच्या फार जवळ बसला तर त्याची कुजबूज भोंग्यातून गावभर जाते आणि गुपित पात्राआधी भोंगाच फोडतो. भाषणे लांबून वेळ कमी पडला की प्रवेश कापले जातात. गुपित रोवणाऱ्या प्रवेशावर संहितेत ठळक खूण नसेल तर नेमका तोच जातो, कारण त्यात नाच नसतो.

*उकल.* ती तिसऱ्या अंकात, पहाटेच्या थंडीत येते. त्याआधी एक जोरकस गाणे घालून मंडप जागा करून घेतात. उकल एका वाक्यात उरकू नये: आधी संशय, मग खूण, मग कबुली, आणि शेवटी ज्याने अन्याय केला त्याच्या तोंडून ती चूक. चौथी पायरी गाळणारे लेखक शहरातून आलेले असतात, असे येथे गमतीने म्हणतात. गावाला सत्य समजण्यापेक्षा ते दोषी माणसाच्या तोंडून वदवून घेण्यात जास्त रस असतो.

एकच नाटक जवळपासच्या गावांत होत राहते, त्यामुळे शेवट आधीच पसरतो. त्याने गर्दी घटत नाही. लेविट व क्रिस्टनफेल्ड या अमेरिकी संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातही शेवट आधी सांगितलेल्या लघुकथा वाचकांना सरासरीने अधिक आवडल्या होत्या. पुढच्या काही अभ्यासांचे निष्कर्ष उलट आले, तेव्हा त्यावर फार भार टाकू नये.

*इतर प्रकारांशी तुलना.* विदर्भातीलच खडी गंमत (तमाशासारखा लोकनाट्यप्रकार) आणि शाहिरीतील भेदिक सवाल-जवाब यांचे तंत्र उलटे आहे. तेथे कलगी आणि तुरा हे पक्ष पुराणातील आडवळणाचे कोडे एकमेकांना घालतात आणि ऐकणाऱ्यालाही उत्तर ठाऊक नसते. अशा कोड्याचा कस साध्या मुलांच्या कोड्यात दिसतो. “हिरवी पेटी काट्यात पडली, उघडून पाहिली तर मोत्यांनी भरली” यात भेंडी ओळखायला लागणारे सगळे प्रश्नातच आहे. उत्तर बाहेरून आणावे लागले की ऐकणारा चिडतो. भेदिकात नेमके हेच बिघडते: एखादी आडबाजूची पोथी वाचल्याशिवाय सुटणारच नाही असा सवाल टाकला तर समोरचा शाहीर हरतो, पण रात्रीची रंगतही जाते.

व्हिडिओ गेममध्ये गुपित खेळणाऱ्यापासूनच दडवतात आणि शोधणे हेच बक्षीस असते. अटारी कंपनी रचनाकारांची नावे छापत नसे, म्हणून वॉरन रॉबिनेट यांनी 1980 च्या सुमारास आलेल्या आपल्या खेळात एका गुप्त खोलीत स्वतःचे नाव लपवले. ते एका खेळणाऱ्या मुलाने शोधून काढले. तिथे एकटा माणूस तीच भिंत कितीही वेळा चाचपू शकतो. मंडपातल्या प्रेक्षकाला मागे जाता येत नाही.

*जाहिरात.* प्रयोगाआधी भोंगा लावलेली गाडी आसपासच्या गावांतून फिरते. अमेरिकी संशोधक जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी 1994 मध्ये कुतूहलाविषयी मांडले की काहीच माहीत नसेल तर ते जागत नाही, थोडे माहीत असून थोडे उरले की जागते. गाडीवरचा निवेदक हे नेमके साधतो. तो नाते सांगतो, अन्याय सांगतो, आणि थांबतो: “सख्ख्या बापानं पोटच्या पोराला घराबाहेर काढलं! त्याला कळेल का?” कोण कोणाचा, हे जाहिरातीतच सांगून झालेले असते. प्रश्न फक्त बापाला कधी कळेल एवढाच ठेवायचा, आणि त्यासोबत तारीख, गाव व तिकिटाचा दर दोनदा सांगायचा.