कंपवात : निदान आणि उपचार

कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, हा मेंदूच्या तळाकडील डोपामीन (हालचालींचे संदेश पोहोचवणारे रसायन) तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होत गेल्याने जडणारा आजार. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये त्याचे वर्णन केले. कंपवात हे नाव थोडे फसवे आहे, कारण काही रुग्णांचा हात कापतच नाही. मुख्य लक्षण मंदावलेल्या हालचालीचे. निदानासाठी त्याच्या जोडीला स्नायूंचा ताठरपणा किंवा विश्रांतीत असलेल्या हाताचा कंप लागतो.

निदान आजही प्रामुख्याने डॉक्टरांच्या नजरेने होते. तर्जनी अंगठ्यावर आपटत राहायला सांगितले की ठोके लहान होत जातात. लिहायला दिले की ओळ संपेपर्यंत अक्षर मुंगीएवढे होते. एमआरआय बहुधा दुसरे आजार वगळण्यापुरता. शंका उरल्यास ट्रोडॅट स्कॅन, म्हणजे मेंदूतील डोपामीनच्या पेशी किती शाबूत आहेत ते दाखवणारी तपासणी, करतात. तव्यावर बांगडा तळत असूनही वास न येणे, बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणे ही लक्षणे कित्येकदा काही वर्षे आधीच सुरू झालेली असतात. पण त्यासाठी कोणी मेंदूच्या डॉक्टरांकडे जात नाही. चक्कर किंवा पित्तासाठी चालू असलेल्या सिनारिझिन, लेव्होसल्पिराइडसारख्या गोळ्यांनीही हुबेहूब असाच त्रास होतो. म्हणून बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) तपासणीसाठी जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी बरोबर न्यावी.

आजार मुळातून बरा करणारा उपचार नाही. मेंदूत जाऊन डोपामीन बनणारे लेव्होडोपा आणि त्याला वाटेत वाया जाऊ न देणारे कार्बिडोपा यांची जोडगोळी अजूनही सर्वांत प्रभावी. प्रथिने या औषधाच्या शोषणाच्या आड येतात, त्यामुळे हुमण-भाताच्या (माशांची आमटी आणि भात) निदान अर्धा तास आधी गोळी घेतलेली बरी. नुस्ते, म्हणजे मासे, सोडायचे कारण नाही, घड्याळ तेवढे सांभाळायचे. काही वर्षांनी गोळीचा असर लवकर ओसरू लागतो, अंग आपोआप डोलते. मग डोस विभागून देतात किंवा दुसरी औषधे जोडतात. लेव्होडोपाने गुण येतो पण टिकत नाही, अशा निवडक रुग्णांच्या मेंदूत तारा बसवून त्यांना विजेचे सौम्य स्पंद देणारी बॅटरी छातीत ठेवतात. ही पद्धत फ्रान्समधील ग्रेनोबलमध्ये १९८७ च्या सुमारास मेंदूचे शल्यचिकित्सक बेनाबिद यांनी रुजवली.

खाजकुयलीच्या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असते. आयुर्वेदाला ती जुनी ठाऊक. मात्र गोळ्या चालू असताना मनाने चूर्ण घेतल्यास मात्रा दुप्पट होऊ शकते.

व्यायाम औषधाइतकाच महत्त्वाचा. उंबरठ्याशी रुग्णाची पावले जमिनीला खिळतात. तिथे रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्या, तर तीच पावले रेघ ओलांडायला म्हणून उचलली जातात.