हार्डडिस्कवरची कौलं

माझ्या भाच्याचा सोलापुरात लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. लग्नसराईच्या तोंडावर त्याने ऑनलाइन सेलमध्ये ८ टीबीची इंटर्नल हार्डडिस्क घेतली. एका टीबीला किती पैसे पडतात हे पाहिलं, तर त्या दिवशी तिच्याहून स्वस्त डिस्क दुसरी नव्हती. दोन महिने ती बिनतक्रार चालली. मग मे महिन्यात एका संध्याकाळी त्याचा फोन आला. "मामा, डिस्क लई स्लो झालीय. सकाळी सेकंदाला दीडशे एमबी घेती, दुपारनंतर दहावर येती. रात्रभर मशीन तसंच चालू ठेवलं की सकाळी परत नीट. ऊन बाधत असंल का तिला?"

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ अंशांवर जातो, तेव्हा असा संशय कुणालाही येईल. ओळखीच्या सगळ्यांनी त्याला तेच सांगितलं होतं. त्याने कॅबिनेटला दोन जादा पंखे लावले, केबल बदलली. फरक काही पडला नाही. मी त्याला डिस्कचं तापमान बघायला लावलं. ४६ अंश होतं. घरगुती डिस्क साधारण ६० अंशांपर्यंत चालेल अशीच बनवलेली असते. म्हणजे दोष उन्हाचा नव्हता. मग लेबलचा फोटो मागवला, मॉडेल नंबर कंपनीच्या यादीत शोधला आणि उलगडा झाला. ही डिस्क एसएमआर होती. शिंगल्ड मॅग्नेटिक रेकॉर्डिंग. शिंगल म्हणजे छपराची एकावर एक चढलेली पट्टी, आपल्या भाषेत कौल.

क्षमता बघा, किंमत बघा आणि घ्या, हार्डडिस्क सगळ्या सारख्याच, हा समज फार पसरलेला आहे. सारख्या क्षमतेच्या दोन डिस्क बाहेरून जुळ्या दिसतात, पण आतमध्ये लिहिण्याची पद्धत वेगळी असू शकते. सौदा चांगला की वाईट हे त्या पद्धतीवर ठरतं, म्हणून आधी आत जाऊन पाहू.

साडेतीन इंची डिस्कमध्ये आरशासारख्या गुळगुळीत चकत्या असतात. ७२०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७२०० फेरे मारणारी डिस्क सेकंदाला १२० फेरे मारते. चकतीचा व्यास सुमारे ९५ मिलिमीटर धरला, तर तिची कड ताशी जवळजवळ १२९ किलोमीटर वेगाने धावत असते. तिच्यावर वाचणारं-लिहिणारं हेड अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगतं. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज यावा. चकतीवर कोबाल्ट, क्रोमियम आणि प्लॅटिनमच्या मिश्रधातूचा अतिशय पातळ थर असतो. त्यातला एकेक कण आठ-दहा नॅनोमीटरचा, आणि प्रत्येक कण म्हणजे इवलंसं लोहचुंबक. अशा काही कणांची उत्तर-दक्षिण दिशा ठरवली की एक बिट, म्हणजे शून्य किंवा एक, लिहिला जातो. हे बिट वर्तुळाकार वाटांवर बसतात. त्या वाटांना ट्रॅक म्हणतात.

त्याच चकतीत जास्त माहिती बसवायची तर कण लहान करायचे, ट्रॅक अरुंद करायचे. पण इथे निसर्ग आडवा येतो, आणि हा तिढा मला फार आवडतो. प्रत्येक कणाला उष्णतेचे धक्के सतत बसत असतात, अगदी खोलीच्या तापमानालाही. कण मोठा असेल तर तो ते पचवतो. लहान असेल तर एखाद्या धक्क्याने त्याची दिशा आपोआप उलटते आणि लिहिलेलं पुसलं जातं. उपाय काय? कण हट्टी धातूचा घ्यायचा, सहजासहजी दिशा न बदलणारा. पण हट्टी कणावर लिहायचं तर चुंबकीय क्षेत्रही तेवढंच जबरदस्त लागतं. लिहिणाऱ्या हेडचं टोक लोह-कोबाल्टच्या मिश्रधातूचं असतं. तो धातू सुमारे २.४ टेस्लाला भरतो (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप). त्यापुढे वीज कितीही वाढवा, क्षेत्र वाढत नाही. आणि टोक जितकं बारीक करावं तितकं चकतीपर्यंत पोचणारं क्षेत्र क्षीण होत जातं. कण लहान हवा, टिकाऊ हवा आणि त्यावर लिहिताही आलं पाहिजे. यातल्या दोन गोष्टी साधल्या की तिसरी हातची जाते.

वाचण्याचं तसं नाही. वाचताना कुणाला ढकलायचं नसतं, फक्त खालच्या चुंबकाची दिशा ओळखायची असते. १९८८ मध्ये आल्बेअर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग यांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की लोह आणि क्रोमियमचे अणूंच्या जाडीचे थर एकावर एक रचले, तर त्यांचा विद्युतरोध बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राप्रमाणे खूप मोठ्या प्रमाणात बदलतो. २००७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना याचसाठी मिळालं. त्या शोधातून निघालेल्या हेडमुळे हार्डडिस्कची क्षमता झपाट्याने वाढली. आजची हेड त्याच कुळातल्या आणखी संवेदनशील रचनेवर चालतात. ती अरुंद करता येतात.

म्हणजे आपल्या हातात एक रुंद लेखणी आहे आणि एक बारीक डोळा आहे. कौलांची युक्ती इथून निघाली.

समजा रंगाऱ्याकडे चार इंची ब्रश आहे, पण भिंतीवरचा रंग ओळखायला आपल्याला एक इंच पट्टा पुरतो. रंगारी वरून पहिला चार इंची पट्टा मारतो. दुसरा पट्टा चार इंच सोडून न मारता एकच इंच खाली सरकून मारतो. पहिल्याचा खालचा तीन इंच भाग झाकला जातो, पण वरचा इंचभर उघडा राहतो, आणि वाचायला तेवढा पुरतो. असंच खाली सरकत राहिलं, तर त्याच भिंतीवर पुष्कळ जास्त रंग मावतात. छपरावरची कौलंही अशीच असतात: प्रत्येक कौल बरंचसं झाकलेलं, थोडंसं उघडं. डिस्कवर हे प्रमाण इतकं टोकाचं नसतं, पण तत्त्व हेच. अशा डिस्क २०१३ पासून बाजारात आहेत.

आता मधल्या एकाच पट्ट्याचा रंग बदलायचा आहे. ब्रश चार इंची. तो फिरवला की खालचे तीन पट्टे बिघडतात. ते दुरुस्त करायला गेलो की त्यांच्या खालचे बिघडतात. म्हणजे तिथून शेवटापर्यंत सगळं पुन्हा रंगवणं आलं. सोलापुरी चादरीच्या जकार्ड मागावर नक्षी भोकं पाडलेल्या कार्डांच्या माळेत साठवलेली असते. ती माळसुद्धा एक स्मृतीच आहे, आणि तिच्यातलं एक कार्ड चुकलं तर तेवढंच काढून दुसरं ओवता येतं. जुन्या पद्धतीची डिस्क, म्हणजे सीएमआर, तशी असते. पण कापड एकदा विणून झालं की मधली ओळ बदलायला शेवटापासून तिथपर्यंत उसवत यावं लागतं. एसएमआर डिस्क विणून झालेल्या कापडासारखी वागते.

बदलाचं लोण अख्ख्या चकतीभर पसरू नये म्हणून ट्रॅकचे गट करतात आणि दोन गटांमध्ये थोडी जागा मोकळी सोडतात. डेटा सेंटरच्या एसएमआर डिस्कमध्ये असा गट साधारण २५६ एमबीचा असतो. तोच आकडा धरून गणित करू. आजच्या डिस्कचा सर्वांत लहान तुकडा, म्हणजे सेक्टर, ४ केबीचा. गटाच्या सुरुवातीचा एक सेक्टर बदलायचा, तर २५६ एमबी वाचून पुन्हा लिहायचे. म्हणजे ६५,५३६ पट काम. सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने वाचायला पावणेदोन सेकंद, लिहायला पावणेदोन सेकंद, एकूण साडेतीन. हेच काम सीएमआर डिस्क सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास उरकते.

मग भाच्याला सकाळी दीडशेचा वेग कसा मिळत होता? घरगुती एसएमआर डिस्क ही अडचण वापरणाऱ्यापासून लपवते. चकतीचा थोडा भाग ती साध्या पद्धतीच्या ट्रॅकसाठी राखून ठेवते. विस्कळित लिखाण आलं की आधी तिथे झटपट टिपून घेते आणि रिकामा वेळ मिळाला की सावकाश कौलांमध्ये रचते. दुकानदार गर्दीत कच्च्या वहीत नोंदी करतो आणि रात्री दुकान बंद झाल्यावर पक्क्या खात्यावर चढवतो, तसंच. भाचा जुनी लग्नं पुसून त्याच जागेत नवी भरत होता, शिवाय एडिटिंगचं सॉफ्टवेअर हजारो छोट्या फायली लिहीत होतं. दुपारपर्यंत कच्ची वही भरायची. त्यानंतर डिस्कला येणारी नोंद घेणं आणि जुनी चढवणं ही दोन्ही कामं एकाच हाताने करावी लागत. म्हणून वेग दहावर. रात्रभर मशीन चालू राहिलं की वही रिकामी व्हायची. सकाळचा गारवा फक्त योगायोगाने सोबत होता.

डिस्क बिघडलेली नव्हतीच. तिच्यावर भलतं काम लादलं होतं. एकदा भरून ठेवायचं आणि फक्त वाचायचं असेल, तर एसएमआर हा खरोखर स्वस्त आणि चांगला सौदा आहे. रोज पुसापुशी होणारं एडिटिंग, सीसीटीव्हीचं सततचं रेकॉर्डिंग किंवा नॅस, म्हणजे नेटवर्कवरून वापरायची अनेक डिस्कच्या जोडणीची साठवणपेटी, यासाठी ती घेऊ नये. २०२० मध्ये यावरूनच जगभर ओरड झाली. नॅससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्क एसएमआर निघाल्या. जोडणीतली एखादी डिस्क बदलून सगळी माहिती तिच्यावर नव्याने लिहायची वेळ आली, की त्या अडखळायच्या आणि जोडणीतून बाहेर फेकल्या जायच्या. त्यानंतर कंपन्यांनी कुठलं मॉडेल एसएमआर आणि कुठलं सीएमआर हे जाहीर केलं. आज सीगेटची आयर्नवुल्फ आणि वेस्टर्न डिजिटलची रेड प्लस या मालिका सीएमआर आहेत. सीगेट बाराकुडाची २ टीबीची एसटी२०००डीएम००८ एसएमआर आहे, तर त्याच बाराकुडा नावाची १ टीबीची एसटी१०००डीएम०१० सीएमआर. ब्रँड ओळखून भागत नाही, लेबलवरचा पूर्ण नंबर लागतो.

दर टीबीमागे किंमत काढणं चूक नाही, फक्त ती शेवटची पायरी असावी. मोटर, धातूचं कवच, सर्किट बोर्ड यांचा खर्च १ टीबीच्या डिस्कलाही लागतोच. त्यामुळे लहान डिस्क दर टीबीमागे बहुधा महाग पडते आणि मोठी स्वस्त, तेव्हा तेवढ्यावरून मोठ्या डिस्कवर मोठी सूट आहे असं समजू नये. ८ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ७.२७ दिसते, यातही फसवणूक नाही. कंपनी टीबी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या.

खरी फसवणूक वेगळीच असते. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीतून बातमी आली, की हजारो तास चाललेल्या डेटा सेंटरच्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्या. डिस्क स्वतःचा इतिहास स्मार्ट नावाच्या नोंदीत ठेवते. त्यात ती किती तास चालली हेही असतं, आणि वर्षाचे तास ८,७६०. या विक्रेत्यांनी तो आकडा शून्यावर आणला होता, पण सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची आणखी खोल नोंद असते. ती पुसायची राहिली आणि चोरी उघडी पडली. म्हणून डिस्क हातात आली की क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चाललेले तास आणि खराब होऊन बदललेले सेक्टर बघावेत. सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतात वॉरंटी आहे का, तेही पाहावं. घरगुती डिस्कवर ती बहुधा दोन वर्षं असते, नॅसच्या डिस्कवर तीन, डेटा सेंटरच्या डिस्कवर पाच. हा फरक किमतीत धरला तर स्वस्त डिस्क अनेकदा स्वस्त राहत नाही.

दुसरी डिस्क घ्यायला आम्ही शनिवारी निघालो, तेव्हा बहिणीने दारात अडवलं. शनिवारी लोखंड घरात आणू नये म्हणे. हार्डडिस्कचं हेड हलवणाऱ्या चुंबकात लोह असतं खरं, पण वाराचा त्याच्याशी काही संबंध नाही. मी तिला तसं सरळ सांगितलं. अशा समजुतींचं नुकसान पैशात होतं, कारण वार पाळणारा माणूस सगळी काळजी घेतली असं मानतो आणि सीरियल नंबर तपासायचा राहतो. बंद पडलेली डिस्क फ्रीजरमध्ये ठेवली की डेटा परत मिळतो, हा इंटरनेटवरचा उपायही याच जातीचा. थंड चकतीवर दव धरतं, आणि काही नॅनोमीटरवरून तरंगणाऱ्या हेडपुढे पाण्याचा थेंब डोंगरासारखा असतो.

नव्या पेठेतल्या दुकानात भाच्याने ४ टीबीची डिस्क मागितली. दुकानदाराने समोरची काढून दिली. भाच्याने खोक्यावरचा नंबर मोबाइलवर कंपनीच्या यादीत शोधला, खोका परत दिला आणि म्हणाला, "ही नको, सीएमआर द्या." दुकानदार शिडी लावून वरच्या फळीवर चढला. ती थोडी महाग पडली. जुनी ८ टीबीची आता स्टुडिओत देऊन झालेली लग्नं सांभाळते. वर्षातून चार वेळा भरायची, बाकी नुसती वाचायची. तिच्याबद्दल फोन आलेला नाही.