१६१९च्या आधीचे आफ्रिकी

अमेरिकेत आफ्रिकी माणसाचं पहिलं पाऊल १६१९ साली व्हर्जिनियात पडलं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. अंगोलातून पकडून आणलेल्या वीसेक जणांना त्या वर्षी तिथे उतरवलं, हे बरोबर. पण ती फक्त इंग्रज वसाहतीची गोष्ट.

हुआन गारिदो हा मुक्त आफ्रिकी १५१३ मध्येच स्पॅनिश मोहिमेबरोबर फ्लोरिडात पोहोचला होता. पुढे मेक्सिकोत आपणच पहिला गहू पेरला, असं त्याने राजाला कळवलं. (तो लढला मात्र आक्रमकांच्या बाजूने, उगाच देव्हाऱ्यात बसवायला नको.) १५२६ मध्ये आजच्या अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या एका स्पॅनिश वसाहतीत तर गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकींनी बंडच केलं. उपासमार, रोगराई आणि भांडणांनी पोखरलेली ती वसाहत काही महिन्यांतच मोडली.