'फ्रांत्झ'ची गोष्ट २०१६ च्या खूप आधी सुरू होते

फ्रेंच दिग्दर्शक फ्रांस्वा ओझोंचा २०१६ मधला 'फ्रांत्झ' हा सिनेमा बघितल्यावर दोन दिवस मला दुसरं काही बघवलंच नाही, आणि मग ही गोष्ट मुळात आली कुठून हे शोधत बसले. (पुढे सगळी कथा उघड होणार आहे, बघायचा असेल तर आधी बघून या.)

साल १९१९, जर्मनीतलं क्वेडलिनबुर्ग नावाचं जुनं गाव. ॲना पहिल्या महायुद्धात मेलेल्या आपल्या होणाऱ्या नवऱ्याच्या, फ्रांत्झच्या, आईवडिलांकडे राहते आणि त्याच्या कबरीवर फुलं ठेवायला जाते. कबर रिकामी आहे, कारण देह फ्रान्समध्येच राहिलाय. एके दिवशी तिच्या आधीच कुणीतरी तिथे फुलं ठेवून गेलेलं असतं. तो निघतो एक फ्रेंच तरुण, आद्रियाँ. घरचे समजतात हा फ्रांत्झचा पॅरिसमधला मित्र, आणि तोही तसंच बोलत राहतो, त्यांच्या व्हायोलिनच्या, पॅरिसचं लूव्र संग्रहालय बघितल्याच्या आठवणी सांगतो, म्हाताऱ्या आईवडिलांचा चेहरा किती दिवसांनी उजळतो. खरं काय, तर खंदकात फ्रांत्झला गोळी घातली ती त्यानेच.

ही कथा मूळची मोरिस रोस्ताँ या फ्रेंच लेखकाची, 'सिरानो द बर्जराक' हे गाजलेलं नाटक लिहिणाऱ्या एडमों रोस्ताँचा हा मुलगा. त्याच्या नाटकाचं नाव 'मी ज्याला मारलं तो माणूस' अशा अर्थाचं, साल १९३०. हे नाटक त्या काळातच का आलं ते कळायला आकडे बघावे लागतात: पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे जवळपास १४ लाख सैनिक गेले, जर्मनीचे २० लाखांच्या आसपास, म्हणजे दोन्हीकडे मुलाचा फोटो भिंतीवर लागलेली लाखो घरं. (आपल्याकडेही कितीतरी गावांत या महायुद्धाला गेलेल्यांच्या दगडी पाट्या आहेत, ज्यांचा माणूस तिकडेच राहिला त्या घरांना रिकामी कबर म्हणजे काय हे समजावून सांगायला नको.) १९२८ मध्ये तर देशोदेशींनी युद्धाचा मार्गच सोडून द्यायचा करार केला होता, पुन्हा असं होऊ द्यायचं नाही असं लोकांना मनापासून वाटत होतं, आणि शत्रूच्या घरी जाऊन माफी मागणारा सैनिक त्या वाटण्यातूनच आला.

मग हे नाटक हॉलिवूडमध्ये दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिचने सिनेमासाठी घेतलं. लुबिच बर्लिनचा, १९२२ पासून अमेरिकेत, आणि ओळखला जायचा हलक्याफुलक्या कॉमेडीसाठी. जानेवारी १९३२ मध्ये आलेल्या त्याच्या सिनेमाचं नाव आधी नाटकाचंच होतं, नंतर बदलून 'ब्रोकन ललबाय' केलं. सुरुवातीलाच युद्ध थांबल्याच्या पहिल्या वाढदिवसाची पॅरिसमधली परेड आहे आणि कॅमेरा ती कुठून दाखवतो, तर एक पाय गेलेल्या सैनिकाच्या उरलेल्या पायाशेजारच्या मोकळ्या जागेतून. एवढं एकच दृश्य बघितलं तरी लुबिच काय ताकदीचा होता ते कळतं. पण सिनेमा चालला नाही, आणि त्याने पुन्हा इतकं गंभीर काही केल्याचं दिसत नाही. सिनेमा आल्यावर वर्षभरातच, जानेवारी १९३३ मध्ये, हिटलर चॅन्सेलर झाला आणि १९३५ मध्ये तर लुबिचचं जर्मन नागरिकत्वच काढून घेतलं गेलं.

दोन सिनेमांमधला मोठा फरक म्हणजे गुपित कुणाकडे आहे. लुबिचकडे आपल्याला पहिल्यापासून माहीत असतं की मारणारा हाच, सगळी तडफड त्याची. ओझों ते लपवतो, आपण ॲनासोबत चालतो, तिच्यासारखेच फसतो आणि तिच्याबरोबरच हादरतो. लुबिचची नायिका सत्य कळल्यावर त्याला थांबवून घेते, तो मेलेल्या मुलाचं व्हायोलिन वाजवतो, ती पियानोवर साथ देते, म्हातारे ऐकतात, संपलं. ओझों तिथे थांबत नाही. त्याचा आद्रियाँ निघून जातो, ॲना सासूसासऱ्यांना काही कळू देत नाही, आणि अख्खा दुसरा भाग, तिचं त्याला शोधत फ्रान्सला जाणं वगैरे, ओझोंने नवीन जोडलाय.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पाद्रीची. १९३२ मध्ये मारणारा कबुली द्यायला जातो तेव्हा पाद्री म्हणतो तू तुझं कर्तव्य केलंस, आणि त्या उत्तराने तो आणखीच कोसळतो. २०१६ मध्ये कबुली द्यायला जाते ॲना, खोटं बोलल्याची, आणि पाद्री तिला समजून घेतो, कारण खरं सांगून म्हाताऱ्यांना फक्त दुःखच मिळणार. म्हणजे अपराध केला पुरुषाने आणि तो आयुष्यभर लपवायचं ओझं आलं तिच्या वाट्याला, हे नाटकाच्या काळात कुणी इतकं स्पष्ट मांडलं असतं असं मला वाटत नाही. ॲना झालेल्या पाउला बेअरने हे सगळं नुसत्या चेहऱ्यावर दाखवलंय, व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्या वर्षी नवोदित कलाकाराचं बक्षीस तिलाच मिळालं.

सिनेमा बहुतेक ब्लॅक अँड व्हाइट आहे, मधूनच रंग येतात, आणि ते कुठे कुठे येतात ते नीट बघा, आद्रियाँच्या खोट्या आठवणीसुद्धा रंगीत आहेत. शेवटी ॲना लूव्रमध्ये एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराच्या एका चित्रासमोर बसते, पलंगावर आडवा पडलेला, स्वतःला गोळी घातलेला माणूस. तेवढ्यात घरी तिचं पत्र गेलेलं असतं की आद्रियाँ भेटला, पॅरिसमध्ये छान चाललंय.