“सर, काल चालत होतं, आज चालंना”
ॲप बनवायला शिकणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

आमच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या वर्गात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच, म्हणून तेच वर छापलंय.

होतं असं. मुलगा घरी एआयच्या मदतीनं ॲप करत बसतो. मध्येच लाल अक्षरांत एरर येतो. तो कॉपी करून एआयला देतो आणि लिहितो, “दुरुस्त कर.” एआय अख्खी फाइल नव्यानं लिहून देतं. मुलगा जुनी पुसून नवी चिकटवतो. आता दुसराच एरर. परत “दुरुस्त कर.” सात-आठ वेळा हे झालं की ज्या बटणाला काही झालंच नव्हतं तेही बंद पडतं, आणि कालची चालू फाइल कुठंच उरलेली नसते. मग लॅपटॉप आमच्या टेबलावर. तो गुंता सोडवण्यात दीड तास जातो आणि त्या दिवशीचं शिकवणं राहून जातं.

यावर उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. ॲप चाललं की लगेच गिटमध्ये (कोडच्या जुन्या-नव्या प्रती जपून ठेवणारं सॉफ्टवेअर) कमिट करायचं, म्हणजे त्या क्षणाची प्रत जतन करायची, मगच एआयला पुढचं काम सांगायचं. बिघडलं तर मागच्या कमिटवर परत. आणि एका वेळी एकच काम सांगा: “फक्त हे फंक्शन बदल, बाकी कशाला हात लावू नको.” मराठीत लिहिलं तरी त्याला कळतं. एरर अर्धा नको, पूर्ण द्या. ज्यात ॲप बनवतो त्या फ्लटर या साधनाची आवृत्ती सांगा, कारण एआयच्या डोक्यात जुनंही बरंच असतं. फ्लटरमधून केव्हाच काढून टाकलेलं रेझ्डबटन (बटणाचा एक तयार प्रकार) ते अजून अधूनमधून सुचवतं. त्याच्या जागी एलिव्हेटेडबटन आलंय.

“सगळं एआयच करतंय, मग फी कशाची?” असं काही पालक विचारतात. रास्त आहे. आमच्या एका नववीतल्या मुलानं पंचगंगेच्या पातळीचं ॲप केलं. राजाराम बंधाऱ्याची पातळी फुटांत टाकायची. 39 ला इशारा म्हणून पडदा पिवळा, 43 ला धोका म्हणून लाल. एआयनं लिहून दिलं: पातळी 39 किंवा जास्त असेल तर पिवळा, नाहीतर, 43 किंवा जास्त असेल तर लाल. एकही एरर नाही, ॲप झकास चालू. आम्ही म्हटलं, 44 टाक बघू. पडदा पिवळाच! 44 ला 39 ची अट आधीच लागू होते, त्यामुळं 43 च्या अटीपर्यंत गाडी पोचतच नाही. दोन अटींची अदलाबदल केली, काम झालं. पण 2019 चा पूर पाहिलेल्या माणसाला असं ॲप देऊन बघा. चालणारा कोड आणि बरोबर कोड यांतला हा फरक ओळखायला शिकवतो, त्याची फी.

त्यासाठीच पहिले तीन आठवडे आम्ही एआय उघडू देत नाही. मुलं वहीत पडदे काढतात, कुठलं बटण दाबल्यावर काय व्हायला हवं ते मराठीत लिहितात. काहींना हे जुनाट वाटतं. वाटू दे. वहीत ज्याला नीट लिहिता येतं त्याचा प्रॉम्प्टही, म्हणजे एआयला दिलेली सूचनाही, नेमकी येते, हे आम्ही रोज बघतो.

प्ले स्टोअरबद्दल थोडं. खातं उघडायला 18 वर्षं पूर्ण लागतात, म्हणून ते पालकांच्या नावावर काढावं लागतं. नोंदणी फी 25 डॉलर, एकदाच. नव्या वैयक्तिक खात्याला ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान 12 जणांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते. तेव्हा मंडळाचं ॲप गणपतीत हवं असेल तर आदल्या आठवड्यात येऊ नका. घरच्यांना आणि मित्रांना दाखवायला एपीके फाइल (ॲप थेट फोनवर बसवायची फाइल) फोनवर टाकली तरी भागतं.

घरचा लॅपटॉप 8 जीबी रॅमपेक्षा कमी असेल तर ॲप बनवायचं सॉफ्टवेअर अँड्रॉइड स्टुडिओ रडत-रखडत चालतो. नवा घ्यायची घाई करू नका, वर्गातली मशिन सरावाला मोकळी असतात.

दुरुस्तीचा तास शनिवारी 4 ते 6. आमच्या विद्यार्थ्यांना मोफत, बाहेरच्यांनाही माफक फीमध्ये. येताना चार्जर आणा, आणि निदान एक तरी चालू कमिट असू द्या. ज्याचं कमिट नाही त्याचा नंबर शेवटी लागेल.