बाललसीकरणाच्या व्याप्तीचे मापन (मराठवाडा)

ठरावीक वयाच्या मुलांपैकी शेकडा किती जणांना लस मिळाली, त्या प्रमाणाला लसीकरणाची व्याप्ती म्हणतात. आरोग्य खात्याच्या बोलण्यात ‘कव्हरेज’. ते नोंदवह्यांतून काढतात किंवा घरोघरच्या पाहणीतून. दोन्ही आकडे क्वचितच जुळतात. मराठवाड्यात याचे एक ठळक कारण म्हणजे ऊसतोडीचे स्थलांतर.

नोंदींच्या पद्धतीत सत्राच्या दिवशी एएनएम (उपकेंद्राची परिचारिका) टॅली शीटवर दर डोसाला खूण करते. त्यांची बेरीज हा अंश. वर्षभरात अपेक्षित असलेली, जगलेली बालके हा छेद. समजा, उपकेंद्राची लोकसंख्या ५,००० आणि जन्मदर हजारी १६ धरला, तर जन्म ८०. अर्भकमृत्यू वजा जाता ७८. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ८२ मुलांनी घेतला, की व्याप्ती १०५ टक्के! असा आकडा दिसला की आधी छेद तपासावा. पहिले बाळंतपण माहेरी होते, म्हणून बीसीजी (जन्मानंतर लगेच द्यायची क्षयरोगाविरुद्धची लस) माहेरच्या गावात मोजली जाते आणि पेंटा (पाच रोगांवरची एकत्रित लस) सासरी. कुप्यांवरून मुले मोजणे ही आणखी एक चूक. बीसीजीच्या कुपीत १० डोस असतात, पण कालवल्यावर ती ४ तासांतच वापरावी लागते. चार बाळे आली तर उरलेले सहा डोस वाया जातात.

बीडसारख्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळपाचा हंगाम संपल्यावर, परततात. ऑक्टोबरच्या आरंभी जन्मलेल्या बाळाचे पेंटाचे ६, १० आणि १४ आठवड्यांचे तिन्ही डोस नेमके या काळात येतात. फडाजवळच्या केंद्रात ते मिळाले, तर तिथला अंश वाढतो; छेद मात्र गावाकडेच राहतो. मिळालेच नाहीत, तर गावाकडच्या यादीत ‘बाहेरगावी’ असा शेरा पडतो आणि बाळ कोणाच्याच जबाबदारीचे उरत नाही. हे सर्वांत घातक.

पाहणीत १२ ते २३ महिन्यांची मुले घेतात, कारण तोवर पहिल्या वर्षाच्या सर्व लसी झालेल्या असायला हव्यात. जुनी, सोपी पद्धत ३० गुच्छ (निवडलेली गावे) गुणिले प्रत्येकी ७ मुलांची. गावांची लोकसंख्या एकाखाली एक मिळवत जायची, एकूण बेरजेला ३० ने भागून अंतर काढायचे, यादृच्छिक आकड्यापासून त्या अंतराने गावे निवडायची. एका गावातली मुले एकमेकांसारखी असतात, म्हणून साध्या नमुन्याला पुरणारी ९६ ही संख्या दुप्पट करतात. १९२ भागिले ३० म्हणजे ६.४, पुढचा पूर्णांक ७. अचूकता अधिक-उणे १० टक्के-बिंदू, त्यामुळे एवढ्या नमुन्यावर दोन तालुक्यांची तुलना करू नये. या पद्धतीत कुलूपबंद घर सोडून पुढचे घेतले जाई आणि नेमकी स्थलांतरित मुले गळत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत घरांची यादी आधी करून निवड होते. बंद घरी पुन्हा जायचे, बदली घर घ्यायचे नाही. तरी हंगामात पाहणी केली तर कुलूप उघडायला कोणी नसते. टोळ्या घरी असतात ते जून ते सप्टेंबरचे महिने बरे.

दारात पोचल्यावर आधी माता-बाल संरक्षण कार्ड मागावे. ‘सगळे डोस झाले का?’ असे विचारले की उत्तर ‘हो’ येते. कार्ड माहेरी किंवा ट्रंकेत राहिले असेल, तर जागा दाखवून विचारावे: डाव्या दंडावर जन्मानंतर सुई दिली? डाव्या मांडीत किती वेळा? पल्स पोलिओच्या रविवारचे थेंब नियमित डोसांत धरू नयेत. डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण नसला, तरी लस झालीच नाही असे म्हणता येत नाही. काही बाळांना तो उमटत नाही. कार्डावरच्या तारखाही पाहाव्यात: पेंटाच्या दोन डोसांत २८ दिवसांहून कमी अंतर असेल, किंवा गोवर-रुबेला ९ महिन्यांआधी दिली असेल, तर तो डोस ‘वैध व्याप्ती’त धरत नाहीत.

गळती वेगळी काढावी. पेंटा-१ घेतलेली ७० मुले आणि पेंटा-३ पर्यंत पोचलेली ५६, म्हणजे गळती २० टक्के; १० च्या वर गेली की सत्रे कुठे चुकतात ते शोधावे. पेंटा-१ सुद्धा न मिळालेले ते ‘शून्य डोस’ बालक. त्याचे नाव बहुधा कोणत्याच वहीत नसते, म्हणून छेद आधी डोकी मोजून बांधावा लागतो: तांड्यावर, वीटभट्टीवर आणि फडावरच्या कोप्यांत (मजुरांच्या झोपड्यांत), तेही पहाटे टोळी उसात शिरण्याआधी किंवा ती परतल्यावर.