व्हिजीया

व्हिजीया : सागरी नकाशावर नोंदवलेला, पण अस्तित्वाची किंवा जागेची खात्री न झालेला खडक, उथळ भाग वा बेट. कोणीतरी तो पाहिल्याचे कळवलेले असते, पुढच्या शोधात तो सापडत नाही, आणि तो नाहीच असेही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा उच्चार ‘बिहीआ’ असा होतो. त्याचा अर्थ टेहळ्या किंवा टेहळणीचा बुरूज. खलाशांच्या वापरात पाण्याबाहेर जेमतेम डोके काढणारा खडक. इंग्रजी नौकानयनात हा शब्द फक्त संशयित धोक्यापुरता उरला आणि आज जुन्या मार्गदर्शक पुस्तिकांबाहेर क्वचितच दिसतो. पाण्याखालचा प्रत्येक उथळ भाग व्हिजीया नसतो. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किमी. अंतरावरील आंग्रिया बँक पूर्णपणे पाण्याखाली आहे, पण तिची जागा आणि खोली ठाऊक असल्याने तिला हा शब्द लागू होत नाही.

नकाशावर हा शब्द छापत नाहीत. तेथे ठिपक्यांच्या वेढ्याशेजारी इंग्रजी आद्याक्षरे असतात : ‘पीए’ म्हणजे जागा अंदाजे, ‘पीडी’ म्हणजे जागा शंकास्पद, ‘ईडी’ म्हणजे अस्तित्वच शंकास्पद, आणि ‘रेप’ म्हणजे कळवलेले पण पडताळलेले नाही. ‘रेप’पुढे कंसात वर्ष असते आणि ते वाचणे महत्त्वाचे. १८८० च्या नोंदीत जागेची चूक कित्येक मैलांची असू शकते. उपग्रहाधारित स्थाननिश्चितीनंतरची नोंद त्या मानाने नेमकी असते.

जुन्या नोंदी इतक्या सरकतात याचे मुख्य कारण रेखांश. क्रोनोमीटर (रेखांश काढण्यासाठी जहाजावर ठेवलेले अचूक घड्याळ) चार सेकंद चुकला की विषुववृत्तावर जहाजाची जागा एक सागरी मैल सरकते. एक मिनिट चुकला तर पंधरा मैल. क्रोनोमीटर नसलेली जहाजे वेग आणि दिशेवरून अंदाज बांधत. त्यामुळे एकच खरा खडक तीन कप्तानांनी पाहिला, तर नकाशावर तीन खडक उमटत. बाकीचा दोष डोळ्यांचा : मेलेला देवमासा, उलटलेले जहाज, ढगाची सावली, प्लवकांमुळे (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे) रंग बदललेले पाणी. समुद्रतळाशी झालेल्या ज्वालामुखी उद्रेकानंतर प्यूमिस या हलक्या, सच्छिद्र दगडाचे तरंगते थर शेकडो चौरस किलोमीटर पसरतात आणि लांबून वाळूच्या बेटासारखे दिसतात.

तळावरून परतणाऱ्या आवाजाच्या वेळेवरून खोली मोजणारा प्रतिध्वनी खोलीमापक आल्यावर फसगत थांबली नाही, तिचे रूप बदलले. यंत्र दर सेकंदाला एक ध्वनिस्पंद सोडत असेल, तर पाण्यातील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मी. धरून त्याचा पल्ला (मोजता येणारी कमाल खोली) ७५० मी. होतो, कारण आवाजाला जाऊन परत यायचे असते. तळ ८०० मीटरवर असेल, तर प्रतिध्वनी पुढच्या स्पंदानंतर पोहोचतो आणि कागदावर ५० मी. खोली उमटते. उपाय सोपा आहे : पल्ला बदलून पाहावे, खोटी खोली लगेच आकडा बदलते. दुसरा भास सजीवांच्या थराचा. दिवसा काहीशे मीटर खोल राहणारे मासे व कोळंबीवर्गीय जीव रात्री वर येतात आणि त्यांचा दाट थर तळासारखा प्रतिध्वनी देतो.

व्हिजीया नोंदवायला एक पत्र पुरते, खोडायला मात्र मोहीम लागते. चहूबाजूंना दहा सागरी मैलांची अनिश्चितता असेल तर सुमारे १,०८० चौ.किमी. समुद्र तपासावा लागतो. खोल महासागरात मात्र भूविज्ञान मदतीला येते. चार हजार मीटर खोलीतून पृष्ठभागापर्यंत उठलेल्या ज्वालामुखी पर्वताचा पायथा अनेक किलोमीटर रुंद असतो. म्हणून कथित खडकापासून मैलभरावर ४,००० मी. खोली मिळाली, तर तो तेथे असण्यासाठी सुमारे ६५ अंशांचा उतार लागेल, आणि एवढ्या उंचीच्या पाण्याखालच्या पर्वतांना तसा सलग उतार नसतो. जागाच चुकलेली असेल तर हा युक्तिवाद लुळा पडतो, म्हणूनच काही नोंदी शतकभर टिकल्या. दक्षिण पॅसिफिकमधील मारिया थेरेसा खडक एका देवमासेमारी जहाजाने १८४३ मध्ये कळवला. १९५७ च्या शोधातही तो मिळाला नाही.

ब्रिटिश नौदलाने १८७५ मध्ये उत्तर पॅसिफिकच्या नकाशावरून शंभराहून अधिक संशयित बेटे एकदम काढली. त्यांतली काही खरी निघाली आणि परत घालावी लागली. उलट न्यू कॅलिडोनियाजवळचे सँडी बेट फ्रेंच नकाशांतून १९७० च्या दशकातच गेले, तरी इतरांच्या नकाशांत आणि संगणकीय किनारपट्टी-संचांत राहिले. नोव्हेंबर २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधन जहाज तेथे गेले, तेव्हा १,३०० मीटरहून अधिक खोली मिळाली. एका देशाने खोडलेली नोंद दुसऱ्याच्या नकाशातून आपोआप जात नाही.

तरीही संशयित नोंद हसण्यावारी नेणे महागात पडते. ८ जानेवारी २००५ रोजी अमेरिकी पाणबुडी ‘सॅन फ्रान्सिस्को’ ग्वामच्या आग्नेयेस पाण्याखालच्या पर्वतावर पूर्ण वेगात आदळली. एक नौसैनिक मरण पावला आणि ९८ जखमी झाले. वापरातल्या नकाशावर तेथे काही नव्हते. पाणबुडीवरच्याच दुसऱ्या नकाशावर धडकेच्या जागेपासून सुमारे तीन मैलांवर ‘पाण्याचा रंग बदललेला’ अशी, उथळ भागाची शक्यता सुचवणारी नोंद होती. ती कामाच्या नकाशावर उतरवून घेतली गेली नव्हती. म्हणून मार्ग आखताना सर्व प्रमाणांच्या नकाशांवरील अशा खुणा एकत्र कराव्यात, आणि खूण जितकी जुनी तितके जास्त अंतर सोडावे.

नवा संशयित धोका दिसल्यास तो आपल्या देशाच्या जलआलेखन कार्यालयाला (सागरी नकाशे तयार करणाऱ्या कार्यालयाला) कळवायचा असतो. भारतात ते देहरादूनला आहे. अहवालात अक्षांश-रेखांश, ते कोणत्या साधनाने घेतले, जागतिक वेळ, यंत्राचा पल्ला, मापलेल्या खोलीत जहाजाच्या तळाखालचे पाणी धरले की पृष्ठभागापासूनचे, आणि लाटांची स्थिती हवी. खोलीच्या नोंदपट्टीचा मूळ तुकडा किंवा पडद्याचे छायाचित्र जोडावे. शक्य असेल तर, सुरक्षित अंतर राखून, त्याच जागेजवळून वेगळ्या पल्ल्यावर दुसरी फेरी मारावी. पल्ल्याची नोंद नसेल, तर खरा उथळ भाग आणि पुढच्या स्पंदातला प्रतिध्वनी यांत कार्यालयाला फरक करता येत नाही, आणि नकाशावर आणखी एक ‘रेप’ छापला जातो.